सेंट थॉमस कॅथेड्रल : मुंबईच्या कोटातलं चर्च, कान्होजींचा धाक आणि रामा कामती

कोटकर

मागच्या आठवड्यात कान्होजी आंग्र्यांवरच्या धाग्यात कुणीतरी विचारलं होतं, १७१८ च्या नोव्हेंबरात इंग्रज कान्होजींच्या खांदेरी किल्ल्याहून हात हलवत परत आले, मग मुंबईत पुढे काय झालं? तिथे दोन ओळींत उत्तर दिलं होतं. पण विषय मोठा आहे, म्हणून वेगळा धागा काढतोय.

पुढे मुंबईत चर्च उघडलं. खांदेरीच्या फजितीला दोन महिनेही झाले नव्हते. २५ डिसेंबर १७१८, नाताळचा दिवस. आंग्र्यांचा काटा काढायचाच म्हणून इरेला पेटलेला गव्हर्नर चार्ल्स बून त्या दिवशी लवाजम्यासह नव्या इमारतीत प्रार्थनेला आला. ती इमारत म्हणजे आजचं हॉर्निमन सर्कलच्या बाजूचं सेंट थॉमस कॅथेड्रल, मुंबईतलं पहिलं अँग्लिकन चर्च.

या चर्चबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक 'ब्रिटिशकालीन देखणी वास्तू, जरूर बघा' इथपर्यंत येऊन थांबतं. मला ते पुरेसं वाटत नाही. शिवकालापासून पेशवाईपर्यंतचा कितीतरी इतिहास या भिंतींना लागून आहे, आणि तो इंग्रजांइतकाच आपलाही आहे.

सुरुवात जेराल्ड ऑन्जियरपासून. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली आणि वर्षभरात ऑन्जियर गव्हर्नर झाला. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन आला होता ना, त्याला पाठवणारा हाच. मुंबईत न्यायालय, टांकसाळ, व्यापाऱ्यांना वस्तीचं आमंत्रण, सगळं त्याच्याच काळात सुरू झालं. १६७६ मध्ये त्याने चर्चचा पाया घातला आणि १६७७ मध्ये तो सुरतेला वारला. काम तिथेच थांबलं. भिंती पंधरा फुटांपर्यंत आल्या होत्या. त्या तशाच, छपराविना, जवळजवळ चाळीस वर्षं उभ्या राहिल्या.

का? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा एक दर्यावर्दी व्यापारी लिहून गेलाय की चर्चसाठी पाच हजार पौंडांवर वर्गणी जमली होती, ती सर जॉन चाइल्डने मुंबईचा कारभार हातात आल्यावर गिळंकृत केली. हॅमिल्टन चाइल्डवर दात खाऊन होता, तेव्हा त्याचं बोलणं जपून घ्यावं. पण पैसे असते तरी चर्च झालं असतं असं मला वाटत नाही. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली आणि मुंबईच्या तोंडासमोर मराठ्यांचं ठाणं बसलं. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान थेट मुंबईत उतरला आणि किल्ल्याला वेढा घालून बसला. साथी होत्याच. युरोपातून आलेला माणूस दोन पावसाळे काढेल की नाही याची खात्री नसे. अशा गावात चर्चचं छप्पर कोण घालणार? रविवारची प्रार्थना किल्ल्यातल्या एका खोलीत व्हायची.

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब हा धर्मोपदेशक आला. कंपनीचाच पगारी नोकर. त्याला त्या अर्धवट भिंतींची लाज वाटली. १७१५ च्या उन्हाळ्यात त्याने भर प्रार्थनेत चर्चचा विषय काढला. प्रार्थना संपल्यावर गव्हर्नर ॲस्लाबीने त्याला सांगितलं, एक वही करा, कोण किती देतो ते लिहून घ्या, पहिलं नाव माझं. ही हकीकत कॉबने स्वतःच पुढे १७६६ मध्ये लंडनला छापलेल्या आठवणीत दिली आहे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बांधकाम पुन्हा उभं राहू लागलं, आणि डिसेंबरात चार्ल्स बून गव्हर्नर म्हणून आला.

बूनच्या डोक्यात एकच विषय होता, कान्होजी आंग्रे. त्याने मुंबईच्या वस्तीभोवती कोट पुरा केला, लढाऊ जहाजं बांधली आणि चर्चही मार्गी लावलं. ही तीन कामं वेगळी नव्हती. चर्चचं छप्पर तोफेच्या गोळ्याला दाद देणार नाही असं मजबूत केलं गेलं. देवाच्या घराला असं छप्पर का लागतं याचं उत्तर पश्चिम किनाऱ्यावर विजयदुर्गापासून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत पसरलेलं होतं.

आता त्या नाताळच्या दिवसाकडे येतो. कॉबने नोंदवलंय की प्रार्थनेला रामाजी आपल्या जातीच्या सगळ्या मंडळींसह आला होता. उपासनेतली शिस्त त्यांना इतकी आवडली की शेवटपर्यंत ते उभे राहून बघत होते. हा रामाजी म्हणजे रामा कामती, मुंबईतला बडा शेणवी व्यापारी. कंपनीला माणसं आणि पैसा उभा करून देणारा. पोर्तुगीज अमदानीत नष्ट झालेलं वाळकेश्वरचं देऊळ १७१५ च्या सुमारास पुन्हा बांधलं ते यानेच. म्हणजे कोटात चर्चच्या अर्धवट भिंती पुन्हा चढू लागल्या त्याच सुमारास मलबार टेकडीच्या टोकाला महादेवाचं देऊळ नव्याने उभं राहत होतं, आणि देऊळ बांधणारा माणूस तीन वर्षांनी चर्चच्या उद्घाटनाला हजर होता.

१७२० मध्ये याच बूनच्या राजवटीत रामा कामतीवर खटला झाला. आरोप, आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार. शिक्षा, जन्मभर कैद आणि सगळी मालमत्ता जप्त. १७२८ मध्ये तो तुरुंगातच वारला. ज्या पत्रांवर त्याला दोषी ठरवलं ती बनावट होती हे नंतर बाहेर आलं.

त्याच १७२० मध्ये कॉबचंही गव्हर्नर आणि कौन्सिलशी बिनसलं आणि त्याला पदावरून दूर केलं. एका नाताळला एकाच छपराखाली असलेले तिघे. दोन वर्षांत एक आरोपी, एक बडतर्फ, आणि तिसरा या दोघांवर निकाल देणारा. या कॅथेड्रलची गोष्ट सांगायची तर मला ती इथून सांगावीशी वाटते. पुढचं बांधकाम, पुतळे, काचा यावर चर्चेत लिहूच.

---

चिंतामणी_गिरगाव

उत्तम धागा. रामा कामतीचं नाव वाळकेश्वराच्या संदर्भात ऐकून होतो, चर्चचा संबंध ठाऊक नव्हता.

एक शंका. चर्चगेट स्टेशनपासून हे चर्च चांगलंच लांब आहे. मग स्टेशनाला ते नाव कसं?

---

कोटकर

@चिंतामणी, स्टेशनाला नाव चर्चवरून नाही, वेशीवरून मिळालं. कोटाला तीन वेशी होत्या. दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बझार गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. पश्चिमेच्या वेशीतून आत शिरलं की रस्ता सरळ चर्चकडे जायचा. ही वेस आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी होती. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने कोट पाडला, वेस गेली, तिच्या जागी कारंजं आलं. १८७० मध्ये रेल्वेने मैदानापलीकडे स्टेशन काढलं तेव्हा त्या बाजूला लोकांच्या तोंडी चर्चगेट हेच नाव होतं.

कोटाचं अजून एक सांगायचं राहिलं. बूनने भिंत बांधली, पण भिंतीबाहेरचा खंदक नंतरचा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईची झोप उडाली. व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली आणि कोटाभोवती खंदक खणायला घेतला. म्हणजे भिंत आंग्र्यांच्या भीतीने आणि खंदक पेशव्यांच्या.

---

दर्यासारंग_७९

लेख आवडला. आरमाराच्या बाजूने थोडी भर.

बूनच्या मोहिमा ओळीने लावल्या की रामा कामतीवरचा खटला नीट समजतो. १७१७ मध्ये विजयदुर्ग, फसला. १७१८ मध्ये खांदेरी, फसली. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या खेपेला तोफा चढवलेला एक तरंगता तराफा खास बांधून नेला होता, तरीही काही हाती लागलं नाही. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाबा किल्ल्यावर चाल, तिथे शाहू महाराजांकडून फौज आली, बाजीराव आले, आणि पोर्तुगीज तह करून मोकळे झाले. चार मोहिमा, चारही वाया. बून १७२२ च्या सुरुवातीला विलायतेला परत गेला तेव्हा कान्होजी होते तिथेच होते.

इतका खर्च करून हरल्यावर लंडनला काय कळवणार? कान्होजी आपल्यापेक्षा सरस आहेत असं कोण लिहील? आतल्या माणसाने बातमी फोडली असं लिहिणं सोपं. माझ्या मते कामती यासाठी सापडला.

तरी एक प्रश्न विचारतोच. खरंच त्याचा काही पत्रव्यवहार नसेल का? त्या काळात मुंबईच्या प्रत्येक व्यापाऱ्याला किनाऱ्याने माल न्यायचा तर आंग्र्यांचे दस्तक, म्हणजे परवाने, घ्यावे लागत. कान्होजींच्या माणसांशी बोलणं न ठेवता धंदा करणं शक्यच नव्हतं.

---

कोटकर

@दर्यासारंग, अगदी योग्य मुद्दा. बोलणं असणारच. शेणव्यांची नातीगोती गोव्यापासून साष्टीपर्यंत, त्यांचे गुमास्ते प्रत्येक बंदरात. पण व्यापारी ओळख वेगळी आणि फितुरी वेगळी. खटल्यात फितुरी सिद्ध करायची होती, आणि ती ज्या तऱ्हेने केली ती वाचवत नाही. कामतीचा कारकून गोविंदजी याच्या अंगठ्यांना लोखंडी पेच लावून आवळले आणि त्याच्याकडून हवं ते वदवून घेतलं. अशा साक्षीवर मुंबईतल्या सगळ्यात वजनदार हिंदू माणसाला जन्मठेप झाली.

त्याची संपत्ती कंपनीकडे गेली हेही ध्यानात ठेवायला हवं. मोहिमांनी तिजोरी रिकामी झालेली असताना एका श्रीमंताची मालमत्ता सरकारजमा होते, यात मला योगायोग दिसत नाही.

कान्होजी १७२९ मध्ये वारले, कामतीनंतर वर्षभराने.

---

स्नेहल_दांडेकर

मला कॅथेड्रल या शब्दाचा गोंधळ आहे. कुलाब्याला होली नेम म्हणून एक कॅथेड्रल आहे, हे एक आहे. दोन कशी?

---

नगरी_सुहास

@स्नेहल, मी सांगतो, घरचाच विषय आहे. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन ते कॅथेड्रल. होली नेम हे रोमन कॅथलिक आर्चबिशपांचं. सेंट थॉमस हे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं. ते बांधलं तेव्हा साधं चर्च होतं. मुंबईला स्वतंत्र बिशप १८३७ मध्ये मिळाला, थॉमस कार, आणि तेव्हापासून ते कॅथेड्रल झालं. १९७० मध्ये नागपुरात अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. आम्ही त्याला सीएनआय म्हणतो. आज सेंट थॉमस सीएनआयच्या मुंबई धर्मप्रांताचं कॅथेड्रल आहे. नगरची आमची मंडळीही सीएनआयचीच, म्हणून हे चर्च मला परकं नाही.

पण धाग्यावर एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण दर वेळी अशा विषयावर कुणीतरी 'धर्मांतरासाठी बांधलेलं चर्च' असं लिहून जातं. हे चर्च कंपनीने आपल्या गोऱ्या नोकरांसाठी बांधलं. इथल्या लोकांमध्ये धर्मप्रसार कंपनीला नकोच होता, व्यापार बिघडेल म्हणून. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले तर सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. मराठी प्रोटेस्टंट समाज घडला तो या अमेरिकन मिशनमुळे, स्कॉटिश मिशनमुळे आणि नंतर नगरकडे आलेल्या अँग्लिकन एसपीजी मिशनमुळे. वसईचे कॅथलिक बांधव तर त्याहून कितीतरी आधीचे, पोर्तुगीज काळातले. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईतच झाला, पण तो अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये. सेंट थॉमसच्या बाकांवर मराठी माणूस फार उशिरा बसला.

आमच्या आजीच्या पिढीतले लोक या चर्चला 'साहेबांचं देऊळ' म्हणत.

---

स्नेहल_दांडेकर

धन्यवाद @नगरी_सुहास, इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं.

---

यमन

धागा वाचून काल जेवणाच्या सुट्टीत जाऊन आलो, ऑफिस जवळच आहे. बाहेर नरिमन रस्त्याचा गोंगाट आणि आत शिरल्यावर उंच पांढऱ्या भिंती. भिंतींवर एक फूट जागा मोकळी नाही, सगळीकडे संगमरवरी स्मारकं आणि पाट्या. पंख्यांच्या लांब दांड्या थेट छतापासून खाली येतात. दोन खुर्च्या वेगळ्या ठेवल्या आहेत, १९११ मध्ये पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी त्यांवर बसले होते म्हणे.

मला कळलं नाही ते असं की इमारतीची पुढची आणि मागची बाजू एका जातीची वाटत नाही. मधला भाग साधा, जाड, आणि वेदीकडचा भाग टोकदार कमानींचा. काही खास कारण?

---

कोटकर

@यमन, बरोबर पाहिलंत. मधला मुख्य भाग १७१८ चा. जाड भिंती, साधेपणा, किल्ल्याच्या शेजारी शोभेल असा. १८३७ मध्ये कॅथेड्रल झाल्यावर पश्चिमेचा मनोरा उंच केला आणि त्यावर घड्याळ आलं. वेदीकडचा गॉथिक भाग १८६० च्या दशकातला. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला, शहरात पैसा मावत नव्हता, तेव्हाची ही वाढ. टोकदार कमानी त्या काळाची पसंती. व्हीटी, विद्यापीठ, उच्च न्यायालय सगळं त्याच वळणावर पुढे गेलं.

बाहेर आवारातलं कोरीव कारंजं पाहिलंत का? त्याचं रेखाटन जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आखणारा हाच, आणि मुंबईत कधीही न आलेला. पैसे दिले कावसजी जहांगीर रेडीमनींनी. अँग्लिकन चर्चच्या दारातलं कारंजं पारशी शेठच्या देणगीतलं, ही खास मुंबईची रीत.

शाळेचंही सांगतो. फोर्टमधली कॅथेड्रल शाळा म्हणून जी प्रसिद्ध आहे ती १८६० मध्ये याच चर्चने सुरू केली. चर्चच्या गायकवृंदाला मुलं हवी होती, म्हणून.

---

मीनल_प

चर्चा चांगली चालली आहे, पण मला मनापासून विचारायचं आहे. या पाट्यांवर ज्यांचं गुणगान आहे ते बहुतेक आपल्याला लुटणारे किंवा आपल्याशी लढणारे. रामा कामतीची पाटी तिथे आहे का? गोविंदजीची? नसेल तर या भिंती जपण्यात आपण कुणाचा सन्मान करतो आहोत?

---

कोटकर

@मीनल, हा प्रश्न यायलाच हवा होता. कामतीची पाटी तिथे नाही. मला वाटतं ती मुंबईत कुठेतरी असायला हवी, आणि चर्चच्या परिसरात असेल तर अधिकच योग्य.

पण पाट्या काढून टाकाव्यात किंवा वाचूच नयेत, हे मला मान्य नाही. एक उदाहरण जरा निवांत देतो.

आत जोनाथन डंकनचं मोठं स्मारक आहे. हा १७९५ पासून १८११ पर्यंत, सोळा वर्षं मुंबईचा गव्हर्नर. इतकी वर्षं ही खुर्ची दुसऱ्या कुणीच सांभाळली नाही. मुंबईतच वारला, याच चर्चमध्ये पुरला. स्मारकावर तो हिंदू मुलांचे आशीर्वाद घेताना कोरलाय. संदर्भ बालहत्येचा. काशीला रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, असताना तिकडच्या काही राजपूत घराण्यांत मुली जन्मताच मारतात हे त्याने उघडकीस आणलं आणि त्यांच्याकडून करार लिहून घेतले. गव्हर्नर झाल्यावर कर्नल वॉकरच्या हातून काठियावाडातल्या जाडेजांकडून तसेच करार घेतले. शिल्पकाराने ते काम फत्ते झाल्यासारखं कोरून ठेवलं. प्रत्यक्षात प्रथा चालूच राहिली. इतकी, की १८७० मध्ये सरकारला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

आता याच डंकनच्या कारकिर्दीची दुसरी बाजू. डिसेंबर १८०२ मध्ये होळकरांपुढून पळालेले दुसरे बाजीराव कोकणातून इंग्रजांच्या जहाजावर बसून वसईला पोचले आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी तहावर सही केली. पेशवाईचं स्वातंत्र्य त्या सहीने गेलं. मुंबईचा गव्हर्नर तेव्हा डंकन. स्मारकावर त्याचा मागमूस नाही, कारण तिथे तो भला माणूस म्हणून उभा करायचा होता. मुलींना वाचवू पाहणारा आणि पेशव्यांना तहात अडकवणाऱ्या सरकारचा माणूस, दोन्ही एकच. संगमरवर एक बाजू सांगतो. दुसरी आपल्याला ठाऊक असेल तर ते स्मारक पुरं वाचता येतं, आणि त्यासाठी ते जागेवर असायला हवं.

---

मीनल_प

पटलं, बऱ्याच अंशी. कामतीच्या पाटीची कल्पना मात्र नुसती धाग्यात राहू नये. वाळकेश्वरच्या बाजूनेही कुणी प्रयत्न करू शकेल.

---

दर्यासारंग_७९

@मीनल +१.

पाट्यांवर अजून दोन नावं दर्याच्या माणसांसाठी. एक ॲडमिरल फ्रेडरिक मेटलंड. १८१५ मध्ये वॉटर्लूनंतर नेपोलियन शरण आला तो याच्या 'बेलेरोफॉन' जहाजावर. मेटलंड १८३९ मध्ये मुंबईजवळ जहाजावर वारला, दफनही मुंबईत आणि स्मारक या कॅथेड्रलमध्ये. दुसरा हेन्री बोवर्स. रॉयल इंडियन मरीनचा तरुण अधिकारी, कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावर पोचला आणि १९१२ मध्ये परतीच्या वाटेवर तंबूत गोठून गेला. अंटार्क्टिकात गेलेल्या माणसाची पाटी फोर्टात असेल असं कुणाला वाटणार नाही.

आणि मंगळूरचा कर्नल जॉन कॅम्पबेल. टिपूच्या वेढ्यात १७८३ मध्ये महिनोन्महिने किल्ला लढवला, जानेवारी १७८४ मध्ये उपासमारीने सोडावा लागला, आणि दोन महिन्यांत मुंबईत येऊन मेला.

---

गल्लीबोळ

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. मुंबईची अंतरं या चर्चपासून मोजली जात. रस्त्यांच्या कडेला काळ्या दगडाचे मैलखुणेचे खांब बसवलेले होते, त्यांवर रोमन आकडा आणि 'सेंट थॉमस'पासून इतके मैल असा मजकूर कोरलेला. काळबादेवीपासून उत्तरेकडे दादरपर्यंत हे दगड आढळतात. शंभर-दीडशे वर्षांत रस्ते इतके वर आले की काही दगडांचं फक्त डोकं फुटपाथवर उरलं होतं. लोक त्यावर बसायचे, पानवाले टोपली ठेवायचे, एखाद्याला शेंदूरही लागला. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने आणि वारसा जतन करणाऱ्या मंडळींनी ते खणून वर काढले, साफ केले आणि पुन्हा नीट बसवले. मला त्यातला बाजारातला दगड सगळ्यात आवडतो. अर्ध्या आकड्यावर हातगाडीची दोरी घासून घासून खोबण पडली आहे.

शेंदरावरून आठवलं. चर्चसमोर जे मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन, तिथे कापसाच्या गासड्यांचे ढीग असत आणि मधोमध लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा. लोकांनी त्याला देव मानून हार-फुलं वाहायला सुरुवात केली. सरकारने पत्रक काढून समजावलं तरी हार येतच राहिले. तो पुतळा आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बागेत आहे. मैदानाच्या जागी १८६० च्या दशकात एल्फिन्स्टन सर्कल झालं. स्वातंत्र्यानंतर त्याला 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं. इंग्रज असून जालियनवाला बागेची हकीकत छापल्याबद्दल सरकारने ज्यांना देशाबाहेर काढलं, तेच हे हॉर्निमन.

---

यमन

@गल्लीबोळ, दगडांची माहिती फार आवडली. शनिवारी दादरपासून चालत एकेक दगड बघत चर्चपर्यंत यायचं कुणाच्या मनात आहे का?

---

चिंतामणी_गिरगाव

@यमन, मी येतो. काळबादेवीपाशी गाठ घेऊ, माझ्या घरापासून जवळ.

@कोटकर, अजून एक. चर्चची आजची अवस्था कशी आहे? डागडुजी झाली होती ना मध्यंतरी?

---

कोटकर

@चिंतामणी, झाली, आणि चांगली झाली. जतनाच्या त्या कामाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. समुद्र जवळ, पावसाळा चार महिने, त्यामुळे अशा इमारतीत ओल हा कायमचा शत्रू. एकदा काम करून भागत नाही, दर काही वर्षांनी पुन्हा हात घालावाच लागतो. आत गेलात तर देणगीपेटी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

चर्चच्या खजिन्यातली एक वस्तू सांगायचीच राहिली होती. ऑन्जियरने १६७५ मध्ये मुंबईच्या ख्रिस्ती मंडळींना भेट दिलेला चांदीचा प्याला. पवित्र सहभागितेच्या विधीसाठीचा. इमारतीचा पाया घालण्याच्या आधीची ही भेट. चाळीस वर्षं भिंतींना छप्पर नव्हतं, पण प्याला होता, आणि तो टिकला. ज्या गावात वर्गणी गडप झाल्याची कुजबुज होती त्या गावात चांदीची एक वस्तू इतकी वर्षं कुणी सांभाळली याचं मला खरंच कौतुक वाटतं.

शनिवारी मीही येतो. कॅथेड्रल बघून झाल्यावर ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाळकेश्वरला चलावं. बाणगंगेजवळचं देऊळ आजचं रूप घेऊन उभं आहे, मधल्या काळात त्यात पुष्कळ बदल झाले. @मीनल, पाटीचं देवळाच्या विश्वस्तांशी आणि चर्चच्या कार्यालयाशी, दोन्हीकडे बोलू. मराठीत आणि इंग्रजीत चार ओळींचा मजकूर तयार करून इथेच टाकतो. @दर्यासारंग, @नगरी_सुहास, तुम्ही दोघांनी तो तपासावा. रामा कामतीच्या नावाबरोबर गोविंदजीचं नावही त्यात यावं असं माझं म्हणणं आहे.

---

नगरी_सुहास

@कोटकर, मजकूर टाका, बघतो. चर्चच्या कार्यालयात बोलायला मी येईन. रविवारी सकाळच्या उपासनेनंतर गेलो तर जबाबदार माणसं भेटतात.